दोन चिलर आणि एक जोडी तार: बडोद्याच्या प्लँट रूममधल्या नोंदी

९ मार्च

इमारत अलकापुरीत, प्लँट रूम तळघरात, कूलिंग टॉवर गच्चीवर. एसीसाठी पाणी थंड करणारे दोन वॉटर कूल्ड स्क्रू चिलर, दोनशे-दोनशे टनांचे. एक नंबरचा जुना, दोन नंबरचा त्यामानाने नवा. चिल्ड वॉटरचे तीन पंप व्हीएफडीवर (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह), टॉवरचे दोन पंखेही व्हीएफडीवर, शिवाय दोन एनर्जी मीटर. हे सगळं मॉडबसवरून (उपकरणांची एकमेकांशी बोलायची भाषा) एकाच बीएमएस (इमारतीवर देखरेख ठेवणारी यंत्रणा) पॅनेलला जोडलेलं आहे, म्हणजे असायला हवं. प्रत्यक्षात स्क्रीनवर दोन नंबरचा चिलर कधी हिरवा, कधी लाल. ऑपरेटरने स्क्रीनकडे बघणं सोडून दिलंय. तो चिलरसमोर उभा राहतो आणि त्याच्याच डिस्प्लेवरून आकडे वहीत उतरवतो. आधीच्या कंत्राटदाराचं बिल निघालं, काम राहिलं. ते आता आमच्याकडे आलंय.

मॅनेजर साहेब दांडिया बाजारातले, म्हणजे बडोद्याच्या मराठी वस्तीतले, त्यामुळे बोलणं लगेच मराठीत सुरू झालं. त्यांची तक्रार सरळ होती: "जो येतो तो लॅपटॉप लावतो, टाइमआउट वाढवतो आणि चहा पिऊन जातो. दोन दिवस बरं चालतं, मग पुन्हा तेच."

टाइमआउट म्हणजे उपकरणाच्या उत्तराची वाट बघायचा वेळ. लॅपटॉप पिशवीतून काढायचाच नाही असं ठरवलं. आधी तारा, मग मल्टिमीटर, मग सेटिंग.

चिलरच्या पॅनेलमध्ये दिसायला सारख्या पण कामाने वेगळ्या तारा असतात, हे बरोबरच्या पोराला आधी दाखवलं. एक, चिलरची स्वतःची आतली बस: मुख्य बोर्ड, डिस्प्ले आणि एक्स्पान्शन व्हॉल्व्हचा बोर्ड एकमेकांशी बोलतात ती. तिला हात लावायचा नाही. ती तुटली तर चिलरच बंद पडतो. दुसरी, बाहेर बीएमएसकडे जाणारी, आपलं काम तिचं. तिसऱ्या म्हणजे साध्या काँटॅक्टच्या तारा: फ्लो स्विच (पाणी वाहतंय का ते सांगणारा), पंप चालू असल्याची खूण, बाहेरून चालू-बंद करण्याचा सिग्नल. इथे कुणीतरी दोन नंबरच्या चिलरचा पंप इंटरलॉक काढून तो बीएमएसच्या प्रोग्रॅममध्ये टाकलाय. पाणी वाहत नसताना चिलर थांबला पाहिजे, ही गोष्ट कम्युनिकेशनच्या भरवशावर सोडणं मला मान्य नाही. इव्हॅपोरेटरमध्ये पाणी गोठून ट्यूब फुटली तर गॅसमध्ये पाणी शिरतं आणि कॉम्प्रेसरपर्यंत जातं. इंटरलॉक आज संध्याकाळीच तारेने परत जोडून घेतला, बाकी कामाला हात लावायच्या आधी.

१० मार्च

ड्रॉइंगमध्ये एका डब्यातून दुसऱ्या डब्यात जाणारी सुरेख रेघ आहे. जागेवर मात्र प्लँट रूमच्या मधोमध एक जंक्शन बॉक्स, आणि त्यातून सगळीकडे फाटे फुटलेले. चिलरला एक, पंपांच्या ड्राइव्हना तीन, मीटरला एक, गच्चीला एक. आरएस-४८५ ला, म्हणजे इथला मॉडबस ज्या तारांच्या जोडीवर चालतो त्या जोडणीला, हे चालत नाही. तिथे इन-आउट लूपिंग हवं: तार एका उपकरणात येते, तिथूनच पुढच्याकडे जाते आणि शेवटच्यापाशी संपते. फाट्यांच्या टोकांवरून सिग्नल उलटा परततो आणि मूळ सिग्नलवर आदळतो. सेकंदाला ९६०० बिटच्या वेगाला आणि तळघरातल्या लहान फाट्यांना ते कदाचित खपूनही गेलं असतं, पण गच्चीचा फाटा लांब आहे.

गच्चीवर गेलेली केबल तर साधी कंट्रोल केबल निघाली. १.५ स्क्वेअरची, पीळ नाही, शिल्ड (वरचं धातूचं वेष्टन) नाही, आणि सगळ्या शाफ्टभर ड्राइव्हच्या मोटर केबलला चिकटून, टायने एकत्र बांधलेली. बांधणाऱ्याने काम मात्र फार नीटनेटकं केलंय, दर फुटाला एक टाय.

वायरमन काकांनी विचारलं, "जाड तार चांगली ना दादा?" पंपाला चांगली, इथे नाही. पिळलेल्या जोडीत बाहेरचा आवाज दोन्ही तारांवर सारखाच बसतो आणि रिसीव्हर फक्त दोघींमधला फरक वाचतो, म्हणून तो आवाज वजा होऊन जातो. तार जाड करून हे साधत नाही, ते पिळामुळे होतं.

११ मार्च

आज फक्त मल्टिमीटर. सगळी उपकरणं बंद करून जोडीच्या दोन तारांमधला रेझिस्टन्स मोजला: ३९ ओहम. नियम असा की लाइनच्या दोन टोकांना १२०-१२० ओहमचे टर्मिनेटर (सिग्नल टोकावरून परतू नये म्हणून लावलेले रेझिस्टर), दोन्ही समांतर, म्हणजे ६० च्या आसपास यायला हवेत. ४० च्या जवळ आले म्हणजे तीन टर्मिनेटर. तिसरा शोधायला वेळ लागला नाही. दोन नंबरच्या पंपाच्या ड्राइव्हमध्ये टर्मिनेटर जोडणारा एक छोटा डिप स्विच ऑन होता. तो खाली केला, मीटर ५८ वर आला.

मग पॉवर दिली, बीएमएसचं पोलिंग (पाळीपाळीने सगळ्यांना विचारणं) थांबवलं आणि शांत लाइनवर दोन तारांमधलं डीसी व्होल्टेज बघितलं. पोलिंग चालू ठेवून साध्या मीटरने हे मोजण्यात अर्थ नाही, आकडा नाचत राहतो. डिप स्विच पुन्हा वर करून, म्हणजे जुन्या अवस्थेत, ०.१७ व्होल्ट. खाली केल्यावर ०.२५.

या दोन आकड्यांत अर्धी कहाणी आहे. ०.२ व्होल्टच्या पलीकडे गेलं की रिसीव्हरला एक किंवा शून्य खात्रीने कळतं, उणे ०.२ ते अधिक ०.२ या पट्ट्यात तो काय समजेल याची हमी स्टँडर्ड देत नाही. कुणीच बोलत नसतं तेव्हा लाइनला या पट्ट्याबाहेर धरून ठेवायचं काम बायस रेझिस्टरचं. इथे बीएमएस कंट्रोलरमध्ये ५६० ओहमचे दोन आहेत, ५ व्होल्टवर. हिशोब करून बघा: ५ भागिले ११२० अधिक ६०, गुणिले ६०, येतात ०.२५. साठच्या जागी चाळीस घाला, येतात ०.१७. म्हणजे एक फालतू टर्मिनेटर लागला आणि शांत लाइन नेमकी संशयाच्या पट्ट्यात जाऊन बसली. मग हवेतला कुठलाही खडखडाट कुणाला तरी निरोपाची सुरुवात वाटतो.

टाइमआउट वाढवून हे कसं सुटणार होतं?

पोराला आणखी एक बजावलं: केबलचं इन्सुलेशन तपासायला मेगर लावायचा असेल तर आधी दोन्ही टोकं उपकरणांतून काढायची. ५०० व्होल्ट कम्युनिकेशन पोर्टमध्ये गेले की पुढचं बोलणं खरेदी विभागाशी.

१२ मार्च

मध्येच वेगळं खातं उघडलं. एक नंबरच्या चिलरमध्ये आधीच्या माणसाने आपला गेटवे (दोन बाजूंच्या भाषा जुळवणारा डबा) बसवला आहे आणि त्याची २४ व्होल्ट एसी चिलरच्याच कंट्रोल ट्रान्सफॉर्मरवरून घेतली आहे. तिथे जागा होती, व्होल्टेज तेच होतं, घेतलं.

अडचण अशी. एसीचं डीसी करायला काही कंट्रोल बोर्ड हाफ-वेव्ह रेक्टिफायरचे असतात. त्यांचा इलेक्ट्रॉनिक कॉमन (बोर्डचा शून्य) आणि ट्रान्सफॉर्मरची एक तार एकच असते. काही फुल-वेव्हचे, त्यांचा कॉमन ट्रान्सफॉर्मरच्या कुठल्याच तारेशी सरळ जोडलेला नसतो. दोन्ही जातींची उपकरणं एका ट्रान्सफॉर्मरवर घेतली आणि कम्युनिकेशनच्या किंवा सेन्सरच्या तारेने त्यांचे कॉमन एकत्र आले, की फुल-वेव्हच्या ब्रिजमधला एक डायोड दर अर्ध्या सायकलला ट्रान्सफॉर्मर शॉर्ट करतो. फ्यूज उडाला तर नशीब, नाहीतर बोर्ड जातो. एकाच जातीची असली तरी हाफ-वेव्हवाल्यांत तारांची अदलाबदल झाली की तोच प्रकार.

अजून काही जळलं नव्हतं, कारण पोर्ट आयसोलेटेड, म्हणजे आतल्या सर्किटपासून विजेने वेगळा, होता. तरी गेटवे काढला. चिलरच्या बोर्डलाच मॉडबस पोर्ट असताना मध्ये हा दलाल कशाला ठेवला होता ते कळलं नाही. बीएमएस पॅनेलसाठी स्वतंत्र ट्रान्सफॉर्मर आधीपासून होताच.

१४ मार्च

केबल ओढली. १२० ओहमची, शिल्डेड, एक पिळलेली जोडी आणि वर एक सुटी तार कॉमनसाठी. लोक आरएस-४८५ ला दोन तारांचं म्हणतात आणि तिसरी विसरतात. दोन्ही टोकांच्या उपकरणांचा शून्य एकमेकांपासून फार दूर असला तर जोडीतला फरक कितीही स्वच्छ असो, रिसीव्हर तो वाचू शकत नाही. स्टँडर्डमध्ये ही सूट उणे ७ ते अधिक १२ व्होल्ट इतकीच आहे. मात्र दोन नंबरच्या चिलरच्या बोर्डवर दोनच टर्मिनल आहेत, कॉमनला जागाच नाही. तिथे तिसरी तार स्लीव्ह घालून पुढे नेली. वहीत खूण करून ठेवली, हे पुढे नडू शकतं म्हणून.

क्रम असा ठेवला: बीएमएस पॅनेल, चिलर एक, चिलर दोन, तीन पंप, मीटर, मग शाफ्टमधून गच्ची, टॉवरचा पंखा एक, पंखा दोन. टर्मिनेटर फक्त बीएमएसपाशी आणि पंखा दोनच्या ड्राइव्हपाशी. तळघरात पॉवरच्या ट्रेपासून फूटभर अंतर ठेवता आलं, जिथे ओलांडायचं तिथे काटकोनात ओलांडलं. शाफ्टमध्ये फूटभर जागाच नव्हती, म्हणून तिथे कम्युनिकेशनची केबल वेगळ्या जीआय पाइपमधून घेतली.

टर्मिनेशन काका आणि पोरगा मिळून करत होते, मी शेजारी बसून बघत होतो. पोराने बाहेरचं आवरण कापताना ब्लेड थोडं खोल घातलं आणि आतल्या पांढऱ्या तारेच्या इन्सुलेशनवर बारीक चिरा उमटला. काकांनी काही न बोलता तेवढा तुकडा कापून टाकला आणि परत सुरुवात करायला लावली. मग त्यांनी स्वतः एक करून दाखवलं. आवरणावर ब्लेड फिरवायचं, पण शेवटचा पापुद्रा न कापता केबल तिथे वाकवायची, तो आपोआप फाटतो. फॉइल मागे दुमडून कापायचं. ड्रेन वायरवर (शिल्डला लागून जाणारी तार) लगेच स्लीव्ह, नाहीतर ती उघडी तार नंतर कुठल्या बोर्डच्या पाठीला टेकेल सांगता येत नाही. जोडीचा पीळ टर्मिनलच्या अगदी जवळपर्यंत तसाच ठेवायचा. सुंदर दिसावं म्हणून तारा सरळ करत बसायचं नाही. येणारी आणि जाणारी अशा दोन्ही तारा एकाच जोड-फेरूलमध्ये (तारांच्या टोकावर दाबायची धातूची नळी). उद्या कुणी चिलरचा बोर्ड काढला तरी स्क्रू सोडून फेरूल बाहेर येते आणि पुढची लाइन तुटत नाही. जोड-फेरूल जवळच्या दुकानात नव्हत्या, मकरपुऱ्याहून मागवल्या.

शिल्ड सगळीकडे एकमेकांना जोडत नेली आणि अर्थ (जमिनीशी जोडणी) फक्त बीएमएस पॅनेलमध्ये केली. दोन्ही टोकांना अर्थ केलं असतं तर तळघर आणि गच्ची यांच्या अर्थमधला जो काही फरक असेल त्याचा करंट शिल्डमधून वाहिला असता.

१६ मार्च

जोडीतल्या दोन तारांपैकी ए कोण आणि बी कोण. स्टँडर्डप्रमाणे लाइन शांत असताना ए ही बीपेक्षा उणे असायला हवी. पण बऱ्याच उत्पादकांनी नेमकी उलट नावं छापली आहेत, आणि त्यातच कुणी अधिक-उणे लिहितो, कुणी डी० आणि डी१. नावांच्या मागे लागलोच नाही. प्रत्येक उपकरण लाइनपासून सुटं करून शांत अवस्थेत मोजलं. जे टर्मिनल अधिक दिसलं तिथे निळी, दुसरीकडे पांढरी. ज्यांना स्वतःचा बायस नाही त्यांच्यावर काहीच दिसत नाही; तिथे एकदा असं, एकदा तसं लावून कुठे उत्तर येतं ते बघायचं. उलटं लागलं तर काही जळत नाही, फक्त उत्तर येत नाही. उलटं लागलेल्याला स्वतःचा बायस असला तर मात्र तो सगळ्या लाइनला उलटीकडे ओढत बसतो.

मग पत्ते. नवीन मीटर आणि ड्राइव्ह कारखान्यातून बहुतेक १ हाच पत्ता घेऊन येतात. एका पत्त्यावर दोघे असले की दोघेही एकदम उत्तर देतात, निरोपांची खिचडी होते आणि मास्टरला, म्हणजे विचारणाऱ्या बीएमएसला, फक्त सीआरसी एरर (निरोप बिघडल्याची खूण) दिसते. चिलर ११ आणि १२, पंप २१ ते २३, मीटर ३१-३२, पंखे ४१-४२ असे दिले. वेग ९६००, पॅरिटी (तपासणीचा जादा बिट) नाही, कारण जुना चिलर दुसरं काही घेत नाही आणि एका लाइनवर सगळ्यांची भाषा एकच लागते.

एकेक उपकरण जोडत गेलो. एक बोललं की पुढचं.

१८ मार्च

आता लॅपटॉप.

जुन्या चिलरचं बाहेर जाणाऱ्या पाण्याचं तापमान स्क्रीनवर ११.८ दिसत होतं. चिलरच्या डिस्प्लेवर ६.८. दोन्ही आकडे पटण्यासारखे, म्हणूनच धोकादायक. कागदावर रजिस्टर (उपकरणातली आकडे ठेवायची घरं) १ पासून मोजलेले असतात, तारेवर ० पासून. एका घराने चूक झाली की शेजारचं रजिस्टर वाचलं जातं, आणि इथे शेजारी परत येणाऱ्या पाण्याचं तापमान आहे. आधीच्या प्रोग्रॅममध्ये हे असंच चालू होतं. कुणी ११.८ बघून चिलर भार घेत नाही म्हणून ओरडला नाही याचं कारण ऑपरेटर स्क्रीन बघतच नव्हता.

दोन नंबरच्या चिलरवर तेच तापमान स्क्रीनवर "-०.००" असं. शून्य समजलो असतो, पण शून्याला उणे चिन्ह कशाला? हा चिलर तापमान दोन रजिस्टरमध्ये मिळून फ्लोटिंग पॉइंट म्हणून देतो. ६.८ चे हेक्साडेसिमल आकडे ४०डी९ आणि ९९९ए. आपण ते उलट क्रमाने जोडत होतो: आधी ९९९ए, मग ४०डी९. त्याचा अर्थ होतो एक अतिशय बारीक ऋण संख्या, दशांश चिन्हानंतर बावीस शून्यं. स्क्रीन बिचारी दोन घरंच दाखवते. शब्दांचा क्रम बदलला, ६.८ आलं.

लिहिण्याच्या बाजूला आणखी सांभाळावं लागतं. जुन्या चिलरला सेट पॉइंट (पाणी किती थंड हवं तो आकडा) दहापटीत हवा: ७ अंशांसाठी ७०. सरळ ७ पाठवला तर तो ०.७ अंश समजेल. चिलर स्वतःच्या खालच्या मर्यादेवर अडवतो, तरी बीएमएसमध्येही ६ ते १० च्या बाहेर काही लिहायचंच नाही अशी कुलपं घातली.

आणि आधीच्या प्रोग्रॅममध्ये हा सेट पॉइंट दर पाच सेकंदांनी लिहिला जात होता, बदललेला असो वा नसो. दिवसाला १७,२८० वेळा. सेट पॉइंट बहुधा वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत साठवतात, आणि अशा मेमरीला, ईईपीरॉमला, साधारण एक लाख वेळा लिहिण्याची हमी असते. म्हणजे हमी सहा दिवसांत संपली. हा चिलर नक्की कुठे साठवतो हे त्याच्या पुस्तकात नाही, त्यामुळे मी वाईटच धरून चालतो. आता बदल झाला तरच लिहायचं.

१९ मार्च

पाडवा. काका आणि मी सुट्टीवर. मॅनेजर साहेबांना सांगावं लागलं नाही, मालकांना सांगावं लागलं. त्यांचं बेसतुं वरस, म्हणजे गुजराती नवीन वर्ष, दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी, त्यामुळे मार्चमध्ये नवीन वर्ष कुठून आलं हे त्यांना दरवर्षी नव्याने समजावावं लागतं.

२० मार्च

सकाळभर सगळं हिरवं. स्क्रीनवर एकही एरर नाही. दुपारी ऑपरेटरचा फोन: "साहेब, बपोरे फरी थयुं." म्हणजे दुपारी पुन्हा तेच झालं. दोन नंबरचा चिलर लाल. बाकी सगळे बोलतायत.

टाइमआउटला हात लावू नका, एवढंच सांगितलं.

खरं तर टाइमआउटचाही हिशोब परवाच करून ठेवला होता. ९६०० ला एक बाइट जवळपास एक मिलिसेकंद. वीस रजिस्टर मागितले तर विचारणा ८ बाइट, उत्तर ४५ बाइट, मिळून ५५ मिलिसेकंद आणि वर चिलरचा स्वतःचा विचार करायचा वेळ. एका सेकंदाचा टाइमआउट भरपूर झाला. आधीच्या लोकांनी तो पाच सेकंद केला होता, तीन प्रयत्नांसह. त्यामुळे गच्चीवर कुणी पंख्याचा आयसोलेटर बंद केला की मास्टर त्या एका मुक्या ड्राइव्हपाशी पंधरा सेकंद उभा राहायचा आणि तोवर बाकी सगळे ताटकळत. टाइमआउट वाढवल्याने आजार बरा तर झालाच नाही, वर दुसरा जडला.

२३ मार्च

दुपारीच का? मॅनेजर साहेबांचं म्हणणं पॅनेल तापतं. तळघर तापतं खरं. पण दुपारी आणखीही एक गोष्ट होते: कंडेन्सरचं पाणी गरम होतं आणि टॉवरचा दोन नंबरचा पंखा सुरू होतो. ऑपरेटरच्या वहीत पंख्याच्या वेळा होत्या. स्क्रीनवरच्या लाल वेळांशी जुळवल्या. दोन्ही एकाच मिनिटाला.

सकाळी थंड पॅनेलवर हाताने पंखा दोन सुरू केला. काही सेकंदांत चिलर दोन लाल. बंद केला, हिरवा. पंखा एक सुरू केला, काही नाही. तळघरातून गच्चीकडे जाणारी लाइन सोडून तिथे तात्पुरता टर्मिनेटर लावला आणि पंखा दोन पुन्हा चालवला: चिलर हिरवाच. म्हणजे जे काही येतंय ते हवेतून नाही, गच्चीच्या तारेतून येतंय.

चिलर दोनच्या बोर्डचा शून्य आणि आपल्या केबलमधली कॉमनची तार यांच्यात मीटर लावला. पंखा बंद असताना ०.४ व्होल्ट एसी. चालू केल्यावर ८.४. शिखर धरलं तर १२ च्या आसपास, आणि ड्राइव्हच्या स्विचिंगचे काटे त्याहून वर असणार, ते या मीटरला दिसत नाहीत. उणे बाजूची मर्यादा ७ आहे. दर सायकलला चिलरचा रिसीव्हर मर्यादेबाहेर जात होता.

बाकीच्यांना काही का झालं नाही, तर जुना चिलर, पंपांचे ड्राइव्ह, बीएमएस या सगळ्यांचे पोर्ट आयसोलेटेड आहेत. ते लाइनबरोबर वर-खाली तरंगतात. चिलर दोनचा पोर्ट आयसोलेटेड नाही आणि त्याच्या २४ व्होल्टची एक तार तळघरात अर्थला बांधलेली. गच्चीवरच्या ड्राइव्हचा पोर्टही गच्चीच्या अर्थला बांधलेला. एकाच जोडीला दोन वेगवेगळ्या जमिनींवरून ओढाताण चालली होती. दोन टर्मिनलच्या त्या बोर्डने जी शंका आणली होती ती इथे वसूल झाली.

पोरगा म्हणाला, "मग गच्चीवरच्या ड्राइव्हचा अर्थ काढून बघू?" काका त्याच्यावर जे बोलले ते इथे लिहीत नाही. फॉल्ट झाला तर त्या ड्राइव्हचा डबा आणि टॉवरचा सांगाडा, दोन्ही जिवंत होतील, आणि तिथे माणसं ओल्या पायांनी चढतात.

२५ मार्च

गच्ची. पंखा दोनच्या ड्राइव्हपासून अर्थची जीआय पट्टी टॉवरच्या कडेने जाते. टॉवरमधून उडणारे तुषार नेमके तिच्या एका जोडावर पडतात. जोडावर पाण्यातल्या क्षारांचा पांढरा थर, त्याखाली गंज, बोल्ट हाताने फिरतोय. ड्राइव्हच्या फिल्टरमधून आणि मोटर केबलमधून जो गळती करंट अर्थकडे जायचा त्याला वाटच नीट नव्हती, म्हणून ड्राइव्हचं अंगच वर उचललं जात होतं. पंखा एकच्या पट्टीचा जोड कोरड्या बाजूला आहे, ठणठणीत.

इमारतीच्या इलेक्ट्रिकल कंत्राटदाराने ड्राइव्ह बंद करून, कुलूप लावून, ड्राइव्हवर लिहिलेला कपॅसिटरचा वेळ थांबून, जोड घासून नवीन बोल्ट-वॉशरने आवळला आणि वर रंग दिला. गच्चीचं अर्थिंग तळघराच्या मुख्य अर्थबारशी वेगळ्या पट्टीने जोडायचं त्यांनी मान्य केलं. आयएस ३०४३, म्हणजे अर्थिंगचं भारतीय मानक, दाखवल्यावर वाद राहिला नाही. जोड आवळल्यावर तळघरात पुन्हा मोजलं: ८.४ चे १.१ झाले.

एवढ्यावर चिलर हिरवा राहतो. तरी शाफ्टच्या वरच्या टोकाला आयसोलेटेड रिपीटर (सिग्नल पुढे देणारा, पण दोन्ही बाजू विजेने वेगळ्या ठेवणारा डबा) बसवला. मॅनेजर साहेबांनी विचारलं, चालतंय तर कशाला खर्च? तुषार थांबणार नाहीत, जोड पुन्हा गंजेल, आणि त्या वेळी मी इथे नसेन. रिपीटरने गच्चीचा तुकडा स्वतंत्र झाला, म्हणजे त्याला स्वतःची दोन टोकं: एक टर्मिनेटर रिपीटरच्या गच्चीकडच्या बाजूला, एक पंखा दोनपाशी. तळघराच्या तुकड्याचं टोक आता रिपीटरच्या अलीकडच्या बाजूला. गच्चीकडचा बायस रिपीटरवरच्या स्विचने. दोन्ही तुकडे वेगळे मोजले, दोन्हीकडे साठच्या जवळ, शांत लाइनवर दोन्हीकडे ०.२ च्या वर. शिल्ड आणि कॉमन रिपीटरपाशी तोडलेले. ते तिथे जोडले तर आयसोलेशनचे पैसे पाण्यात.

२७ मार्च

तुटलं तर काय, याची चाचणी. चिलर दोन्ही चालू असताना बीएमएसची केबल काढली. जुना चिलर आपल्या शेवटच्या सेट पॉइंटवर चालत राहिला. दुसऱ्याने ठरलेल्या वेळेनंतर स्वतःचा स्थानिक सेट पॉइंट घेतला, जो कुणीतरी ५ अंश ठेवला होता. तो ७ केला. पंपांचे ड्राइव्ह कम्युनिकेशन गेल्यावर थांबायला सेट केलेले होते. म्हणजे एक तार सुटली की पाणी बंद आणि चिलर फ्लो स्विचवर ट्रिप. आता ते शेवटच्या वेगावर चालत राहतात आणि अलार्म देतात. पंप थांबवून फ्लो स्विचही तपासला. चिलर तारेच्या काँटॅक्टवर थांबला, बीएमएसला ते नंतर कळलं. असंच हवं.

३० मार्च

पॅनेलच्या दारात आतून कागद चिकटवला: पत्ते, क्रम, टर्मिनेटर कुठे आहेत आणि कुठे नाहीत, शांत लाइनचं व्होल्टेज, टाइमआउट एक सेकंद. खाली ठळक अक्षरात, पुढे काही बिघडलं तर आधी दोन मोजमापं घ्यायची: जोडीतला रेझिस्टन्स आणि शांत लाइनचं व्होल्टेज. ऑपरेटरला मीटर धरून दोन्ही करून दाखवायला लावली; त्याने वहीत आजचे आकडे स्वतः लिहिले.

राहिलेलं: गच्ची ते तळघर अर्थची पट्टी पुढच्या रविवारी, शटडाउनमध्ये. ती झाल्यावर चिलर दोनपाशी पुन्हा मोजायचं, दोन्ही पंखे पूर्ण वेगावर ठेवून. एनर्जी मीटर ३२ ची सीटी (करंट मोजणारी कॉइल) उलटी बसली आहे, किलोवॉट उणे दाखवते. काका सोमवारी बदलतील. बिलात रिपीटर वेगळ्या ओळीत दाखवायचा, मालकांनी तसं सांगितलंय.